पैसे कानाजवळ खर्च करा

या महिन्याच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : हातात थोडे पैसे आहेत, हेडफोनवरचं ऐकणं सुधारायचं आहे, सुरुवात कुठून करू? पहिलं पत्र सविस्तर घेते. इतरांनी विचारलेल्या बऱ्याच गोष्टी त्यातच येऊन जातात.

प्रश्न : ताई, मी बोरिवलीला राहतो, नोकरी चर्चगेटला. घर वन रूम किचन. त्यामुळे पहाटे पाचला उठतो आणि बायको-मुलगा झोपलेले असताना तासभर हेडफोनवर ख्याल ऐकतो. दिवसातला तेवढाच वेळ माझा. सात वर्षांपूर्वी घेतलेला सोनीचा एमडीआर-७५०६ आहे. हल्ली तो पोकळ वाटतो, डग्गा तर ऐकूच येत नाही. फोनला ऑडिओ जॅक नाही, स्टेशनबाहेरून घेतलेला डोंगल खरखरतो. ऑफिसमधला मित्र म्हणतो, बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घे, २५० ओहमचा, आणि त्याच्यासोबत टेबलावर ठेवायचा डॅक-ॲम्प घे, नाहीतर पैसे पाण्यात. माझं बजेट ८,००० रुपये. बाकीचे हप्त्यांवर घेऊ का? लोकलमध्येही थोडं ऐकायचं असतं.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : हप्त्यांवर काही घेऊ नका. तुमचे आठ हजारसुद्धा पूर्ण लागणार नाहीत.

आधी तुमचा हेडफोन उजेडात धरा आणि कानाला टेकतात ते पॅड नीट बघा. मी डबिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. ७५०६ हे मॉडेल १९९१ पासून बाजारात आहे आणि स्टुडिओंत अजून सर्रास दिसतं, त्यामुळे मुंबईच्या हवेत त्याच्या पॅडचं काय होतं हे मी कायम बघत असते. वरचं काळं आवरण चामड्याचं नसतं, कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. दमट हवेने आणि घामाने तो सुटायला लागतो. गालावर, कानामागे काळे पोपडे चिकटलेले मिळतात, मग शिवणीजवळ भेगा पडतात, आतला फोम बसतो. बघणाऱ्याला वाटतं, कळकट झालाय एवढंच. पण क्लोज्ड-बॅक, म्हणजे कप मागून बंद असलेल्या हेडफोनमध्ये खर्ज टिकतो तो पॅड आणि डोकं यांच्यात कोंडलेल्या हवेवर. पॅडला फट पडली की हवा निसटते, आणि सगळ्यात आधी जातो तो खालचा आवाज. तुमचा डग्गा तिथूनच गेलाय, असा माझा अंदाज आहे.

खात्री करून घ्या. ज्या ध्वनिमुद्रणात विलंबित एकताल स्वच्छ ऐकू येतो असं एखादं लावा. दोन्ही तळहातांनी कप कानांवर हलकेच दाबा. डग्ग्याची घुमक परत आली, हात काढल्यावर पुन्हा गेली, तर हेडफोन शाबूत आहे आणि पॅड गेलेत. चष्मा लावत असाल तर तोही काढून बघा. जाड काडीमुळे कानाच्या वर तेवढीच फट राहते. पहाटे डोळे मिटून ऐकत असाल तर चष्म्याची गरजही नसेल.

नवीन पॅड साधारण हजाराच्या आसपास मिळतात. घेताना मूळ पॅडसारखेच, बिनछिद्रांचे, नकली चामड्याचे घ्या. मखमली पॅड उन्हाळ्यात मऊ लागतात, सगळे त्यांची शिफारस करतात, पण कापडातून हवा जाते आणि खर्ज पुन्हा पातळ होतो. बसवणं अवघड नाही, फक्त घाई करायची नाही. पॅडच्या मागे पातळ झालर असते, ती कपाच्या कडेवरून ओढून बसवायची असते. खालच्या टोकाला झालर आधी अडकवा, तिथे अंगठ्याने दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने थोडं थोडं सरकवत कडेभोवती फिरा. जोर लावून ओढलीत तर फाटते. जुन्या फोमचा चुरा ड्रायव्हरवर, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या भागावर पडला असेल तर हेडफोन उलटा धरून मऊ ब्रशने झटका. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते.

डग्गा हरवण्याचं दुसरंही कारण असू शकतं, ते हेडफोनमध्ये नाही, आपल्या कानात आहे. पहाटे पाचला तुम्ही आवाज अगदी लहान ठेवत असणार. लहान आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने जास्तच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणजे संध्याकाळी मोठ्या आवाजात भरीव वाटणारा तोच हेडफोन पहाटे पोकळ वाटणार. उपाय फुकट आहे : इक्वलायझर, म्हणजे आवाजाची एकेक पट्टी कमी-जास्त करणारं ॲप. अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोज लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ. पहाटेसाठी वेगळी सेटिंग करून ठेवा, १०० हर्ट्झच्या खाली तीन-चार डेसिबल वाढवा. जेवढं वाढवाल तेवढाच प्रीॲम्प (त्याच ॲपमधली एकूण आवाजाची पट्टी) खाली घ्या, नाहीतर समेवर आवाज फाटेल.

७५०६ मध्ये आवाजाचा वरचा भाग, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज, मुळातच थोडा चढा आहे. स्टुडिओत तो उपयोगी पडतो, कारण संवादातला प्रत्येक खटका, ओठांचा प्रत्येक आवाज पकडायचा असतो. ख्याल ऐकताना तो चढेपणा तानपुऱ्यात लगेच कळतो. मी कुठलाही हेडफोन पारखते तो तानपुऱ्यावरच. चांगल्या हेडफोनवर जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, सुराला चिकटून येते, खर्जाच्या तारेतूनच ती उमलल्यासारखी वाटते. वरचा भाग चढा असला की जवारी सुटी होऊन वर किणकिणत राहते आणि खाली तार वेगळी वाजत राहते. तसं होत असेल तर ६ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करा आणि दहा मिनिटं काही न बदलता ऐका. पटलं तर ठेवा.

आता मित्राचा सल्ला. डीटी ९९० प्रो चांगला हेडफोन आहे, पण तो ओपन-बॅक आहे. कपाच्या मागून आवाज सरळ खोलीत येतो. मुलगा चार-पाच फुटांवर झोपलेला असताना तुम्ही तो ऐकूच शकणार नाही. वन रूम किचनमध्ये पहाटे ऐकणाऱ्या माणसाला ओपन-बॅक सुचवण्याआधी मित्राने तुमचं घर डोळ्यांसमोर आणायला हवं होतं.

राहिला ॲम्प, म्हणजे हेडफोनला जास्त जोर देणारं वेगळं यंत्र. इथे थोडं गणित करू, कारण या एका शब्दापायी लोकांचे फार पैसे जातात. ७५०६ ची संवेदनशीलता १०६ डेसिबल आहे, म्हणजे १ मिलिवॉट शक्ती दिली की तो १०६ डेसिबल आवाज काढतो. त्याचा अवरोध, म्हणजे विजेला होणारा विरोध, ६३ ओहम. त्यात १ मिलिवॉट जायला पाव व्होल्ट पुरतो. साधा चांगला डोंगल एक व्होल्ट देतो. व्होल्टेज चौपट झालं की आवाज १२ डेसिबलनी वाढतो, म्हणजे ११८. एवढ्या आवाजात कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये. तुमच्या हेडफोनला ॲम्प लागत नाही. मित्राच्या २५० ओहमवाल्याचंही बघा : त्याची संवेदनशीलता ९६ डेसिबल, १ मिलिवॉटसाठी अर्धा व्होल्ट लागतो, म्हणजे एक व्होल्टच्या डोंगलवर तो १०२ डेसिबलपर्यंत जातो. शांत खोलीत आलाप ऐकायला तेही भरपूर झालं. ओहमचा आकडा मोठा दिसला की ॲम्प हवाच, असं नसतं. ओहम आणि संवेदनशीलता दोन्ही बघायचं असतं.

तुमचा डोंगल मात्र बदला. यूएसबी-सीचे अगदी स्वस्त डोंगल दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात डिजिटलचं ॲनालॉग करणारा डॅक आत असतो. दुसऱ्यात नुसत्या तारा जोडलेल्या असतात, आणि फोन स्वतः ॲनालॉग आवाज बाहेर देत असेल तरच तो चालतो. घेताना दुकानदाराला सरळ विचारा, आत डॅक आहे का. ॲपलचा डोंगल हजाराच्या आसपास मिळतो आणि फार स्वच्छ आहे. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज लहान येतो, म्हणून दुकानातच स्वतःचा फोन आणि स्वतःचा हेडफोन लावून बघा. लॅमिंग्टन रोडवर हे करू देतात. ऑफिस चर्चगेटला असेल तर येताना ग्रँट रोडला उतरा. लॅपटॉपला जॅक असेल आणि त्यातून खरखर येत नसेल, तर घरात डोंगलचीही गरज नाही.

लोकलसाठी ७५०६ नेऊ नका. वळ्यावळ्यांची ती लांब वायर गर्दीत कोणाच्या तरी बॅगेत अडकणार, आणि गाडीच्या घरघरीला ते पॅड फारसे अडवत नाहीत. दोन हजारांच्या आत वायरचा चांगला इन-इअर, म्हणजे कानाच्या आत बसणारा इअरफोन येतो. मूनड्रॉप, केझी, सेव्हन-हर्ट्झ या चिनी कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत या किमतीत फार चांगलं काम केलंय. त्याला फोमच्या टिप लावा. बोटांनी चिमटून बारीक करायच्या, कानात सरकवायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायच्या. नीट बसल्या की बाहेरचा आवाज इतका दबतो की तुम्हाला फोनचा आवाज वाढवावाच लागत नाही.

हे मी ऐषआरामासाठी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ च्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याची मर्यादा ८० डेसिबलला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त पाच. बोरिवली-चर्चगेट रोज जाऊन-येऊन दोन तास धरले तर सहा दिवसांत बारा तास होतात. गाडीच्या आवाजावर मात करायला लोक ९० च्या पुढे सहज नेतात, म्हणजे त्यांची आठवड्याची मर्यादा बुधवारपर्यंत संपलेली असते. घरी, शांततेत, आवाज कितव्या रेघेवर ठेवता ते लक्षात ठेवा आणि गाडीत त्याच्या फार तर दोन रेघा वर जा. तेवढ्यावर ऐकू येत नसेल तर टिप बदला, आवाज वाढवू नका. आणि प्लॅटफॉर्मवर, पुलावर, रस्त्यावर दोन्ही कानांतून काढा. फोमची टिप मागून येणारी गाडीही ऐकू देत नाही.

पॅड, डोंगल, इन-इअर, फोमच्या टिप. पाच हजारांच्या आसपास सगळं बसतं. उरलेले बाजूला ठेवा. दोन-तीन वर्षांनी पॅड पुन्हा लागतील, आणि पुढेमागे एखादा चांगला क्लोज्ड-बॅक, उदाहरणार्थ डीटी ७७० प्रोचा ८० ओहमवाला, घ्यावासा वाटला तर सुरुवात झालेली असेल. माझं मत पक्कं आहे : पैसे कानाजवळ खर्च करावेत. टिप, पॅड, हेडफोन, मग डोंगल. कानापासून जितकं लांब जाल तितका प्रत्येक रुपया कमी ऐकू येतो.

प्रश्न : ताई, मी टी.वाय.ला आहे, विक्रोळीला राहते. फोनवरच व्हिडिओ एडिट करते, थोडे पैसेही मिळायला लागलेत. ब्लूटूथ इअरबड्सवर कट कधीच आवाजावर बसत नाही. नवीन, एलडॅकवाले इअरबड्स घेतले तर फरक पडेल का? बजेट दीड-दोन हजार.
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : एलडॅकने तुझा प्रश्न सुटणार नाही. एलडॅक ही ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत. ती जास्त माहिती पाठवते, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत, पण ती लवकर पाठवते असं नाही. फोन आवाज दाबून बांधतो, हवेतून पाठवतो, इअरबड तो साठवून मग उलगडतो. यात सेकंदाचा सहावा-सातवा भाग, कधी पाव सेकंदही जातो. नुसता व्हिडिओ बघताना ॲप तेवढंच चित्र मागे ओढून जुळवून घेतं, म्हणून ते तुझ्या लक्षात येत नाही. एडिटिंगच्या टाइमलाइनवर तसं जुळवणं नीट होत नाही. पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत पाव सेकंद म्हणजे सहा फ्रेम. टाळी एकीकडे, हात दुसरीकडे.

वायरचा इन-इअर घे, ज्याची वायर सुटी होते असा. बाजारात त्यातल्या एका नेहमीच्या प्रकाराला टू-पिन म्हणतात. वायर कानाजवळ किंवा प्लगजवळ तुटते, तेव्हा तीनशे-चारशेची नवी वायर लागते, इअरफोन फेकावा लागत नाही. स्वस्तातला घेतला तर काम कमी दर्जाचं होईल, अशी भीती ठेवू नकोस. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली, आणि आवाजाचा समतोल व किंमत यांच्यात काही संबंध सापडला नाही.

एक सवय मात्र लाव. व्हिडिओ पाठवण्याआधी फोनच्या स्पीकरवर एकदा ऐकायचा. तुझे प्रेक्षक बहुतेक तिथेच ऐकणार आहेत. इअरफोनवर छान वाटलेलं पार्श्वसंगीत स्पीकरवर बोलणं झाकून टाकतं, आणि ते क्लायंटच्या आधी तुला कळायला हवं.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा आहे. गिरगावात एकटाच राहतो. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांची डिजिटल केलेली गाणी जमवली आहेत. मुलाने परदेशातून महागडे हेडफोन पाठवले. त्यांच्यावर गाणं डोक्याच्या अगदी मध्यभागी अडकल्यासारखं वाटतं आणि खरखर पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येते. शब्दही नीट कळत नाहीत. हेडफोन खराब आहेत का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : काका, हेडफोन खराब नाहीत. या तबकड्या मोनो आहेत. दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज गेला की मेंदू तो डोक्याच्या मध्ये ठेवतो. त्याला इलाज नाही, पण थोड्या दिवसांनी सवय होते. खरखर वाढली त्याचं कारण तुमचा नवा हेडफोन वरच्या पट्टीत फार मोकळा आहे. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ साली आलं, त्याआधी गायक भोंग्यासमोर उभे राहून गात. विजेच्या काळातल्या जुन्या तबकड्यांतही वरच्या पट्टीत गाणं फार थोडं आणि सुईचा आवाजच जास्त असतो. त्यामुळे ७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग इक्वलायझरने निम्म्याहून खाली आणलात तरी गाण्याचं फारसं काही जाणार नाही.

दुसरं करून बघाच. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली ‘मोनो ऑडिओ’ असं बटण असतं, ते चालू करा. बऱ्याच लोकांनी या तबकड्या स्टिरिओ सुईने वाजवून डिजिटल केल्या आहेत. गाणं खाचेत आडवं कोरलेलं असतं, ते दोन्ही बाजूंना सारखंच येतं. धुळीचे आणि झिजेचे खटके मात्र सुईला वर-खाली उडवतात, आणि ते दोन्ही बाजूंना उलटसुलट येतात. दोन्ही बाजू एकत्र मिसळल्या की गाणं तसंच राहतं आणि खटक्यांचा बराच भाग एकमेकांना खाऊन टाकतो. डिजिटल करणाऱ्याने हे आधीच केलं असेल तर फरक पडणार नाही. केलं नसेल तर तुम्हाला लगेच कळेल.

शब्द कळत नाहीत, हे मी वेगळं काढते, कारण ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वयानुसार ऐकणं वरच्या पट्टीतून आधी कमी होतं, आणि स, श, त, फ ही व्यंजनं तिथेच राहतात. स्वर ऐकू येतो, शब्द निसटतो. फोनवर बोलताना, घरात कोणी पाठमोरं बोलत असतानाही असं होतं का, ते बघा. होत असेल तर हेडफोनचा आवाज वाढवत राहू नका, श्रवणचाचणी करून घ्या. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाक् आणि श्रवणदोषांसाठीची. नायर आणि केईएम रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभाग आहेत. ऑडिओग्राम, म्हणजे त्या चाचणीचा आलेख, हाती आला की मुलाला त्याचा फोटो पाठवा. हल्लीच्या काही फोनांत ऑडिओग्रामप्रमाणे हेडफोनचा आवाज जुळवता येतो, आयफोनमध्ये तर ती सोय आहेच. तो तिथे बसून तुम्हाला ते लावून द्यायला मदत करू शकेल.

मोठे हेडफोन मानेला जड होत असतील तर कॉसचा पोर्टा प्रो बघा. १९८४ सालचं डिझाइन, अजून बनतं, अगदी हलका. त्यातला आवाज बाहेर ऐकू येतो, पण तुम्ही एकटेच असल्यामुळे ती अडचण नाही. त्याचा वरचा भाग सौम्य आहे, जुन्या गाण्यांना तो मानवतो.

प्रश्न : सहा हजारांची चांदीचा मुलामा दिलेली वायर घेतली तर आवाज खुलतो का? आणि नवा हेडफोन शंभर तास वाजवत ठेवावा लागतो म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही नाही. शाबूत तांब्याच्या वायरीत आणि चांदीच्या मुलाम्याच्या वायरीत, मीटरभर लांबीला, कानाला कळेल असा फरक नसतो. शंभर तासांत बदलतो तो बहुतेक वेळा पॅड : तो तुमच्या डोक्याच्या आकाराला बसतो. आणि बदलतो कान, त्याला नव्या आवाजाची सवय होते.

दुकानात दोन गोष्टींची तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. जो किंचित मोठा वाजतो तोच दर वेळी चांगला वाटतो, अगदी एक-दोन डेसिबलनेही. विकणाऱ्यांना हे माहीत असतं.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या इन-इअरचा डावा आवाज लहान झालाय. गेल्या वर्षीही असंच झालं, नवीन घ्यावा लागला. दर पावसाळ्यात पैसे घालायचे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नवीन घेण्याआधी थांबा. वायर सुटी होत असेल तर डावी-उजवी पिन अदलाबदल करा. लहान आवाज दुसऱ्या कानात गेला तर दोष वायरीत आहे, पिना कोरड्या कापडाने पुसून परत लावा. आवाज डाव्यातच राहिला तर दोष इअरफोनमध्ये, आणि तो बहुतेक वेळा तोंडावरच्या जाळीत असतो.

टिप काढा आणि जाळी खिडकीच्या उजेडात तिरपी धरून बघा. कानातला मळ आणि दमटपणा मिळून तिथे पातळ पापुद्रा धरतो. तो इतका पारदर्शक असतो की सरळ बघितलं तर दिसत नाही, पण अर्धा आवाज अडवतो. जाळी खाली करून धरा, कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच झटका, म्हणजे सुटलेलं आत न जाता खाली पडेल. सुई, टाचणी आत घालू नका. हेअर ड्रायरही नको, गोंद सुटतो. मग औषधाच्या बाटल्यांत, बुटांच्या खोक्यांत मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या एका घट्ट झाकणाच्या डबीत टाका आणि इअरफोन त्यात रात्रभर ठेवा. बऱ्याचदा सकाळी आवाज परत आलेला असतो.

जून ते सप्टेंबर ही डबी रोजची करा. गाडीतून उतरल्यावर इअरफोन घामट हाताने तसाच खिशात कोंबायचा नाही, पुसून डबीत. पुड्यांचे दाणे रंग बदलणारे असतील तर रंग उतरला की नव्या टाका. आणि टिप आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच चढवा. फोमच्या टिप मात्र धुऊ नका, त्या खराब झाल्या की बदलायच्याच असतात.